पुस्तकांच्या गावाला जाऊन आलो

आम्ही गंगाखेड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. आज आम्ही शेळीपालनावर बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यांवरही नाही. आम्ही फिरायला गेलो होतो, ते सांगायला आलोय.

फिरायला म्हणजे नुसतं फिरायला. बाईनं गाव सोडायचं तर काही तरी कारण लागतं. पंढरीची वारी असावी, माहूरचा नवस असावा, लेकीचं बाळंतपण असावं, नाही तर कुठल्या तरी कार्यालयानं काढलेला अभ्यास दौरा असावा. ‘सहज जाऊन येते’ हे आपल्या तोंडून निघतच नाही. आमच्याही निघत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बैठकीत एकीनं विचारलं, आपली बचत जाते आजारपणाला, बियाण्याला, पोरांच्या फीला. आपल्याला म्हणून त्यातलं काय? कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग ठरलं, नेहमीची बचत तशीच ठेवायची आणि वर महिन्याला शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. दोन वर्षांत एकेकीचे चोवीसशे झाले.

कुठं जायचं यावर तीन बैठका गेल्या. गटाच्या सचिवबाईंची मुलगी कॉलेजात आहे, तिनं भिलारचं नाव काढलं. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे, डोंगरावर वसलेलं छोटं गाव. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालंय. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं ठेवलीत. कुणीही जावं, बसावं, वाचावं. पैसे नाहीत.

घरी सांगितलं तर एकीचे मालक म्हणाले, “पुस्तकं बघायला एवढ्या लांब? पोराचं दप्तर उघड की!” ते हसण्यावारी नेलं. पण आमच्या सगळ्यात थोरल्या आत्या म्हणाल्या ते काही हसण्यावारी नेता येईना. पंचाहत्तरी ओलांडलेली, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. म्हणाल्या, “तुम्ही जावा बायांनो. माझ्याम्होरं पुस्तक धरलं काय आन् पाटा धरला काय, सारखंच. माझे पैसे नातीच्या वह्यांना द्या.”

खोटं काय होतं त्यात? आमच्या अकरा जणींत तिघींना वाचता येत नाही. चौघींना येत होतं, पण आता ते बँकेच्या कागदापुरतं उरलंय. अशा बायांनी पुस्तकांच्या गावी जाऊन करायचं काय, हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं. शेवटी आत्यांना देवाचं नाव सांगून राजी केलं. कृष्णामाई जिथं उगम पावते तिथं नेतो म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी पिशवी भरली.

जानेवारी होता. संक्रांतीची वाणं लुटून झाली होती, तूर घरात आली होती, हरभरा काढायला अवकाश होता. रात्रीच्या रेल्वेनं पुणे, पुण्यात स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. कंडक्टरनं आधार कार्ड बघून आत्यांना शून्य रुपयाचं तिकीट दिलं, तशा त्या म्हणाल्या, “फुकट हाय म्हणून मधीच उतरवशील का रे बाबा?” सगळी गाडी हसली.

वाटेत वाई लागते. मराठी विश्वकोश, म्हणजे जगातल्या सगळ्या विषयांची माहिती मराठीत देणारे ते जाडजूड खंड, त्याचं काम याच वाईत चालत आलंय. पहिला खंड १९७६ साली निघाला. वाई सोडली की पसरणीचा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी आधीच लिंबू हातात धरावं, एवढंच सांगतो. आमच्या तिघींचे फार हाल झाले.

भिलारला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पहिली गोष्ट नजरेत भरते ती भिंती. घरांच्या भिंती रंगवलेल्या, आणि दारावर पाटी, इथं कविता, इथं कादंबऱ्या, इथं चरित्रं, इथं मुलांची पुस्तकं. सुरुवात झाली तेव्हा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं होती, पुढे घरं वाढली. स्वातंत्र्यलढ्यातले भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे. एवढी माहिती घेऊनही आम्ही पहिल्या घराच्या फाटकापाशी अकरा जणी उभ्याच. परक्याच्या घरात बोलावल्याशिवाय कसं शिरायचं? आतून एक वहिनी हात पुसत आल्या. म्हणाल्या, “उभ्या का? या की आत, वाचायला कुणी विचारत नाही.” त्या वहिनींकडंच आम्ही दोन रात्री उतरलो. गावात बऱ्याच जणांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात.

आता स्ट्रॉबेरीचं ऐका, कारण शेतकरणीला ते आधी दिसतं. डोंगराच्या उतारावर गादीवाफे, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, खाली ठिबकच्या नळ्या, कागदाला भोकं पाडून रोपं. मातृरोपं परदेशातून येतात. ती उन्हाळ्या-पावसाळ्यात खाली वाईकडच्या रोपवाटिकांत वाढवतात, कारण वर पाऊस झोडपून काढतो. आपल्याकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, महाबळेश्वरला पाच-सहा हजार! सप्टेंबर-ऑक्टोबरात लावण, मग थंडीपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही वहिनींबरोबर तोड्याला गेलो. फळ हातानं ओढायचं नाही, देठासकट नखानं खुडायचं, आणि डब्यात थरावर थर द्यायचा नाही. कापूस वेचलेल्या बोटांना ते लगेच जमलं. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही दोन महिने राहा, मला मजूर शोधायला नको.”

आम्ही त्यांना विचारलं, एवढी पुस्तकं घरात, तुम्ही वाचता का हो? त्या खरं बोलल्या. तोड्याच्या दिवसांत पाहुणे, स्वयंपाक आणि शेत यातून पाठ टेकत नाही. पावसाळ्यात मात्र धुक्यानं घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा वाचतात. पुस्तकांच्या गावातली बाईसुद्धा पावसाचीच वाट बघते, म्हणजे वेळेच्या बाबतीत आपण आणि त्या एकाच गटातल्या.

ही कल्पना कुठून आली, तेही सांगतो. इंग्लंडला लागून वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तिथं डोंगराच्या पायथ्याशी, वाय नदीकाठी ‘हे-ऑन-वाय’ हे गाव. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. रिचर्ड बूथ या माणसानं साठीच्या दशकात तिथल्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं. बघता बघता गावभर पुस्तकांची दुकानं झाली. हा बूथ मोठा गमत्या. १ एप्रिल १९७७ ला त्यानं आपल्या गावाचं वेगळं राज्य जाहीर केलं आणि स्वतःच राजा झाला! १९८८ पासून तिथं दरवर्षी साहित्याचा मेळा भरतो. तिथल्या किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांच्या फळ्या आहेत, दुकानदार कुणी नाही, पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. पण तिथं पुस्तकं विकतात. भिलारला विकत मिळत नाहीत, बसून वाचायची आणि जागेवर ठेवायची. आमच्यासारख्यांना हेच बरं. विकत घ्यायचं म्हटलं की हात आधी कनवटीला जातो.

दुपारी आत्यांना दिलेला शब्द पाळला. क्षेत्र महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर आहे, आपली परभणी चारशेच्या आसपास. पण थंडीचं आम्हाला कौतुक सांगू नका, ती परभणीकरांना पाठ आहे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांची धार गोमुखातून पडते. शेजारी महाबळेश्वराचं देऊळ, जिजाऊंची सुवर्णतुला झाली ते इथंच. कृष्णा पूर्वेला जाऊन आपल्या गोदावरीसारखीच बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री उलट कोकणात उतरते, हे ऐकून आत्या म्हणाल्या, “एका घरच्या लेकी. एक इकडं दिली, एक तिकडं.” थोडं पलीकडं कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथं गर्दी कमी असते. देवळात जाणार असाल तर ते चुकवू नका.

बाकीचे पॉइंट तुम्ही गाडीवाल्याच्या तोंडून ऐकालच, आणि तो सगळेच बघायला लावील. आम्ही दोनच पाहिले. पाचगणीचं टेबल लँड म्हणजे डोंगराच्या माथ्यावर सपाट माळच. आमच्या कोषाध्यक्षांनी तिथं घासाघीस करून घोड्यावर फेरी मारली. त्यांचा फोटो आता घरोघर फिरतोय. वेण्णा तलाव काठावरूनच पाहिला. कासचं पठार याच जिल्ह्यात, पण तिथली फुलं ऑगस्ट-सप्टेंबरातली, जानेवारीत काही नसतं.

तिसऱ्या दिवशी प्रतापगडला जायचं ठरलं होतं. गेलो नाही, त्याचं कारण आत्या.

निघण्याआधी सकाळी घटकाभर म्हणून संतसाहित्याच्या घरात शिरलो. आत्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. म्हणाल्या, मी चपला राखते. कोषाध्यक्षबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी कपाटातून जनाबाईंच्या अभंगांचं पुस्तक काढलं आणि एक अभंग अडखळत मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या, तर पुढची ओळ बाहेरून आली. वाचणारी एक शब्द वाची, आत्या सबंध चरण म्हणून मोकळ्या. पुढच्या अभंगात त्या म्हणाल्या, “तिथं तसं न्हाई. पुन्हा बघ.” पाहिलं तर खरंच एक शब्द सुटला होता!

घरातल्या आजींनी आत्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. आत्यांना पटेना. “जनी तर आमच्या गंगाखेडची. ती इथं कशी आली?” मग पुस्तक मांडीवर घेतलं. म्हणाल्या, तिचं नाव कुठंय ते दाव. अभंगाच्या शेवटी जनीचं नाव येतं, ते आम्ही बोट धरून दाखवलं. दोन अक्षरं. आत्यांनी त्यावरून तीनदा बोट फिरवलं. पान उलटलं आणि कुणी काही सांगायच्या आत पुढच्या अभंगाखाली बोट ठेवलं. “ही बघ. ही पण जनीच.”

त्यानंतर कुणाला गड आठवला नाही. आत्या पान उलटायच्या, नाव शोधायच्या आणि वरचा अभंग आपला आपण म्हणायच्या. ज्या दोघींना वाचता येत नव्हतं, त्याही जवळ सरकल्या. दुपारच्या एसटीची वेळ झाली तेव्हा पुस्तक कपाटात ठेवायला आत्यांनी दोनदा नाही म्हटलं. आम्हालाही ते जड गेलं.

तुम्हाला जायचं असेल तर खोली आधी फोन करून सांगून ठेवा, शनिवार-रविवार टाळा, आणि पॉइंट कमी करून भिलारलाच जास्त वेळ द्या. आम्ही वेळ कमी ठेवला, ही आमची चूक. इतकं लांब जमणार नसेल, तर आपल्या मराठवाड्यातलं वेरूळही पुढे पुस्तकांच्या गावांच्या योजनेत घेतलं गेलंय. आमचा शंभराचा डबा पुन्हा सुरू झालाय, तो वेरूळसाठीच.

घरी आल्यावर गंगाखेडच्या बाजारातून जनाबाईंच्या अभंगांचं पुस्तक घेतलं, गटाच्या खर्चात लिहून. दर शनिवारी बैठकीत हप्ते गोळा झाले की एक जण वाचते आणि आत्या चुका काढतात. ‘जनी’नंतर त्यांना ‘जातं’ ओळखू येऊ लागलंय, कारण ‘ज’ तोच. मागच्या शनिवारी त्यांनी ठशाऐवजी सही करायला पेन मागितलं. नावातलं एक अक्षर उलटं आलं. सचिवबाईंनी ते खोडलं नाही, तसंच वहीत ठेवलंय.

बरं, येतो आम्ही. नमस्कार.