यंत्राचा हात आणि माणसाची वेठ

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने कारखान्यातील रोबोवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु ‘रोबो’ हा शब्द यंत्रशाळेत जन्मला नाही, तो नाटकात जन्मला. आणि शब्दाचा माग काढीत जाणे हा आम्हा भाषेच्या लोकांचा नित्याचाच उद्योग आहे. शिवाय उद्यमबागेतील ओतशाळांवर आणि लेथवर ज्या बेळगावातील कित्येक घरांची चूल पेटते, तेथे हा विषय निव्वळ कुतूहलाचाही नाही.

चेक नाटककार कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्रागच्या रंगभूमीवर आले. त्यातील कृत्रिम श्रमिकांना नाव हवे होते. चापेक यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी ते सुचविले. ते ज्या ‘रोबोता’ शब्दावरून आले, त्याचा अर्थ कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावयाची मजुरी. मराठीत याला चपखल शब्द आहे : वेठ. बोहेमियातील ही वेठ १८४८ साली कायद्याने संपली. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानेही तिला मनाई केली आहे आणि त्या कलमाच्या इंग्रजी पाठातसुद्धा ‘बेगार’ हा आपलाच शब्द आलेला आहे.

आपण मात्र रोबोला ‘यंत्रमानव’ म्हटले. शब्द कानाला गोड आहे, पण त्यामुळे मुळातली वेठ पुसली गेली आणि तिच्या जागी माणूस येऊन बसला. प्रत्यक्ष कारखान्यात जे असते, त्याला ना चेहरा, ना पाय. जमिनीत घट्ट रोवलेला तो एक हात असतो. खांदा, कोपर, मनगट यांची आठवण करून देणारे बहुधा सहा सांधे आणि टोकाला पकड, वेल्डिंगचे हत्यार किंवा रंगाचा फवारा, एवढाच त्याचा संसार. यंत्र माणूस होईल काय, या भयाने आपण कथा-कादंबऱ्या भरून काढल्या; माणसाचे यंत्र होते आहे काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

या हाताची पहिली नोकरी कोणती होती, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. जोसेफ एंगलबर्गर यांनी त्या कल्पनेभोवती उद्योग उभारला आणि १९६१ साली ‘युनिमेट’ नावाचे यंत्र न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागले. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून बाजूला नेणे, हे त्याचे काम. कोणत्या क्रमाने हलायचे, याच्या सूचना चुंबकीय ड्रमवर साठविलेल्या असत. ज्याने ओतशाळेतील धग अंगावर घेतली आहे, त्याला या नेमणुकीचे मर्म सांगावे लागणार नाही.

पुढे हा हात मोटारीच्या सांगाड्याचे वेल्डिंग करू लागला. एका सांगाड्याला हजारो ठिकाणी टाके घालावे लागतात. जड हत्यार पेलीत आणि ठिणग्या झेलीत ते काम करणाऱ्याचे खांदे भरून येत. रंगाच्या खोलीतील विषारी वाफांतूनही माणसाची सुटका झाली. १९६९ साली जपानमध्ये कावासाकी कंपनीने परवाना घेऊन युनिमेट बनविण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत या क्षेत्रात जपान अग्रेसर झाला. इथवर वेठ यंत्राने उचलली, असेच म्हणावे लागेल.

परंतु कथेला दुसरी बाजू आहे. ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाऊन येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९७० च्या सुमारास वेल्डिंगसाठी युनिमेट बसविण्यात आले आणि ‘व्हेगा’ ही छोटी मोटार ताशी शंभराच्या वेगाने काढण्याचे ठरले. ताशी शंभर मोटारी म्हणजे पुढ्यात आलेल्या प्रत्येक मोटारीसाठी कामगाराला अवघे छत्तीस सेकंद! वेल्डिंग यंत्राने घेतले, पण रांगेवरील उरलेल्या माणसाने श्वास केव्हा घ्यावा, हेही वेग ठरवू लागला. १९७२ च्या मार्चमध्ये तेथील कामगार संपावर गेले. तक्रार केवळ वेतनाची नव्हती. कामाच्या रेट्याची होती, कमी केलेल्या माणसांची होती. यंत्राने एकाची वेठ सोडविली, ती शेजारच्याच्या मानेवर बसली. दोष त्या लोखंडी हाताचा नव्हता. वेग ठरविणाऱ्यांचा होता.

या हाताला काम ‘शिकवावे’ लागते, ही गोष्ट मला अध्यापक म्हणून विशेष अर्थपूर्ण वाटते. जाणकार माणूस हातात नियंत्रणाची पाटी धरून त्याला एकेका बिंदूवर नेतो. यंत्र ते बिंदू स्मरणात ठेवते आणि मग मिलिमीटरच्या अंशाचीही चूक न करता तीच हालचाल दिवसरात्र करीत राहते. पण टाका कोठे घालावा आणि तेथेच का, हे प्रथम कोणाला तरी ठाऊक असावे लागते. ते ज्ञान मुरलेल्या वेल्डरच्या हातात असते. टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०१८ साली, आपण कारखान्यात स्वयंचलनाचा अतिरेक केला आणि माणसाची किंमत कमी लेखली, अशी जाहीर कबुली दिली. कारागिराला काढून टाकणारा कारखाना आपला गुरूच घालवून बसतो.

आपल्याकडे हे युग दूर आहे, असे समजण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांनुसार २०२३ साली जगात सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबो नव्याने बसले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये. भारताच्या वाट्याला सुमारे साडेआठ हजार आले. संख्या लहान असली, तरी देशातील तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा ती मोठी होती. पूर्वी हे यंत्र पिंजऱ्यात ठेवावे लागे, आणि त्याला कारणही होते : १९७९ साली मिशिगनमधील एका कारखान्यात अशा यंत्राच्या आघाताने कामगाराचा मृत्यू झाला होता. २००८ साली डेन्मार्कमधील युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीने माणसाच्या शेजारी काम करू शकेल असा हलका हात बाजारात आणला. त्यामुळे हे यंत्र आता दहा-वीस माणसांच्या कारखान्यालाही अगदीच परके राहिलेले नाही.

तेव्हा यंत्र यावे की न यावे, हा वाद फारसा उपयोगाचा नाही. ते कोणत्या अटींवर यावे, हे बोलले पाहिजे. आधी ते धगीजवळ, धुराजवळ, ओझ्याजवळ जावे. ज्याचे काम ते घेईल, त्यालाच ते चालविण्याचे शिक्षण प्रथम मिळावे. आणि रांगेचा वेग ठरविताना रांगेवर उभ्या असलेल्या माणसाला विचारले जावे.

येथे ग्रंथालयाचे कर्तव्य सुरू होते. पाळी संपल्यावर वृत्तपत्र चाळण्यासाठी जो कामगार वाचनालयाची पायरी चढतो, त्याला या यंत्राची माहिती त्याच्या मायबोलीत मिळेल असे एक कपाट येथे असावे. कथा-कादंबऱ्यांची कपाटे आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षे निगुतीने भरली. दुसऱ्या शतकाचा आरंभ या कपाटाने व्हावा, एवढी विनंती पदाधिकाऱ्यांना करून मी आपली रजा घेतो.