पहिल्या पगाराचा निर्णय

तरुण नोकरदारांतील मुली मुदत ठेव, सोने आणि भिशी पसंत करतात, तर मुलगे समभागांकडे, म्हणजे कंपनीच्या मालकीतील छोट्या हिश्श्यांकडे वळतात, असे सर्रास म्हटले जाते आणि त्याचे कारण स्त्रीच्या भित्र्या स्वभावात शोधले जाते. हे निदान चुकीचे आहे. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी २००१ मध्ये अमेरिकेतील ३५ हजारांहून अधिक कुटुंबांच्या दलाली खात्यांवरून दाखवले की पुरुषांनी स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक खरेदी-विक्री केली आणि त्या उलाढालीने पुरुषांचा वार्षिक परतावा २.६५, तर स्त्रियांचा १.७२ टक्केबिंदूंनी घटला. ज्याला भित्रेपणा म्हटले जाते, तो पुष्कळदा संयम असतो.

तरीही एक उणीव उरते, आणि ती स्वभावाची नसून सवयीची आहे. याच महाविद्यालयाच्या विद्यार्थी ग्राहक भांडारात, जिन्याखालच्या त्या खोलीत, प्रस्तुत वक्त्या तीन वर्षे रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहीत असत. चार आण्यांचा मेळ बसेपर्यंत खोलीला कुलूप लागत नसे आणि हिशेब लिहिणाऱ्या मुलीनेच पानाखाली सही करावी, असा आज पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंचा दंडक होता. मात्र ज्या मुलींनी शेकडो पानांचा मेळ अचूक बसवला, त्यांच्यापैकी अनेकींनी, आणि त्यांत प्रस्तुत वक्त्याही आल्या, पहिल्या नोकरीत भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर वडिलांनी वा पतीने बोट ठेवले तेथे न वाचता सही केली.

म्हणून पहिल्या पगारातून होणाऱ्या बचतीचा निर्णय, मग तो मुदत ठेवीचा असो वा म्युच्युअल फंडातील मासिक हप्त्याचा, मुलीने स्वतः वाचून, स्वतः घ्यावा, भले तो चुको. मुलग्यांनाही हे लागू आहेच; मित्राच्या सांगण्यावरून वायदेबाजारात, म्हणजे पुढील किमतीवरच्या सौद्यांत, उतरणे हा स्वतःचा निर्णय नव्हे, आणि सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला.

समोर बसलेल्या पालकांनी मुलीच्या नावाचे पासबुक, विम्याची पॉलिसी आणि सोन्याच्या पावत्या परीक्षा संपण्यापूर्वीच तिच्या हाती द्याव्यात. प्राचार्यांनी बंद पडलेले भांडार जूनपासून पुन्हा उघडावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर बाईंनी सही करावी.