मेंदूतील रक्तस्राव आणि शस्त्रक्रियेची वेळ



आम्हां वैद्यकी करणाऱ्यांचाच एक जुना वाद आज आपणांपुढे मांडणार आहोत.

मेंदूच्या तळाशी रोहिणीला, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीला, जेथे फाटे फुटतात तेथे तिची भिंत कधीकधी दुबळी होऊन फुग्यासारखी फुगते. हा फुगवटा फुटला की रक्त मेंदूभोवती पसरते आणि क्षणार्धात असह्य डोकेदुखी उठते. १९३७ साली बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी अशा फुगवट्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावून तो बंद केला. इलाज हाती आला. पण तो करावा केव्हा?

पुष्कळ शल्यविशारद म्हणत, थांबा. ताज्या रक्तस्रावाने मेंदू सुजलेला असतो. दहाबारा दिवसांनी तो निवळला की शस्त्रक्रिया अधिक सुखरूप पार पडते. हे म्हणणे खोटे नव्हते. तथापि त्यांच्या हिशेबात एक उणीव होती. वाट पाहता पाहता जे दगावले, त्यांची नोंद शस्त्रक्रियेच्या वहीत होतच नसे! आणि फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका तर पहिल्या चोवीस तासांतच सर्वांत मोठा.

१९८० ते १९८३ या काळात १४ देशांतील ६८ रुग्णालयांनी ३,५२१ रोग्यांची पाहणी केली, आणि शस्त्रक्रियेपूर्वी दगावलेलेही हिशेबात धरले. तेव्हा असे दिसले, की पहिल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया योजली काय किंवा अकराव्या दिवसानंतर योजली काय, एकंदर निकाल जवळजवळ सारखाच. थांबून शस्त्रक्रिया सोपी होई खरी. पण तो लाभ वाट पाहण्यात गेलेले जीव खाऊन टाकीत. सातव्या ते दहाव्या दिवसांत, रोहिण्या आखडलेल्या असताना केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ सर्वांत वाईट.

पुढे भूलशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया सुधारली. मांडीतील रोहिणीतून नळी नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरण्याची रीत १९९० च्या सुमारास आली. तराजूचे पारडे झुकले. आज, शक्य तर चोवीस तासांच्या आत फुगवटा बंद करावा, असे मानले जाते.

आम्ही थांबण्याचे सोडले. आता प्रश्न आपल्या घरचा उरला. जन्मात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी उठली, तर बाम चोळून सकाळची वाट पाहू नका. त्या चोवीस तासांतली रात्र आपल्या हाती असते, आमच्या नव्हे.