सेवेचा वारसा : मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय



धारवाडच्या सुभाष रोडवरील या सभेत मुंबईच्या एका रुग्णालयाचा विषय निघावा, याचे कोणास नवल वाटेल. परंतु 1956 पर्यंत धारवाड व उत्तर कानडा हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच मोडत. घाटाखालच्या हळदीपूर गावची एक मुलगीही परिचर्येचे व्रत घेऊन त्या रुग्णालयात गेली होती. तिची हकीकत सांगण्यापूर्वी त्या संस्थेचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 पासून चालू होते. तथापि तेथील वरिष्ठ जागा मुख्यतः सरकारी सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे जात, आणि लायक भारतीय डॉक्टरांस दुय्यम स्थान पत्करावे लागे. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून नव्या महाविद्यालयास देणगी देताना विश्वस्तांनी एक अट घातली : तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, सुविद्य भारतीयच असावेत. ती अट पाळून 1926 साली परळ येथे हे महाविद्यालय व त्याचे के. ई. एम. रुग्णालय महापालिकेच्या छत्राखाली रुग्णसेवेस सज्ज झाले. डॉ. जीवराज मेहता हे त्याचे पहिले अधिष्ठाता होत.

देणगीदारांचा विश्वास पुढे सार्थ ठरला. 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी येथे भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, परंतु वाट खुली झाली. 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भधारणा झालेली बालिका येथेच जन्मास आली. आज या रुग्णालयात गोरगरीब दूरदूरच्या गावांहून येतात.

आता त्या मुलीविषयी. अरुणा शानभाग ही तेथील परिचारिका. नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच तिच्यावर अमानुष हल्ला झाला व तिची शुद्ध हरपली, ती पुन्हा पूर्णपणे आली नाही. त्या दिवसापासून 18 मे 2015 रोजी तिने देह ठेवीपर्यंत, सुमारे 42 वर्षे, तेथील परिचारिकांनीच तिचा सांभाळ केला. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी तिला हिंडताफिरताना कधी पाहिलेच नव्हते, त्यांनीही तिला न्हाऊमाखू घातले, भरविले, कुशीवर वळविले. इतकी वर्षे अंथरुणास खिळूनही तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. तिला मरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा 2011 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि ती जगावी या रुग्णालयातील सेवकवर्गाच्या इच्छेस मान दिला.

हृदयारोपण करणारे हात थोर खरेच. परंतु रुग्ण बरा होणार नाही हे ठाऊक असता रोज सकाळी त्याची चादर बदलणारे हातही तितकेच थोर होत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अंथरुणास खिळलेले वडीलधारे माणूस असेल. आज घरी परतल्यावर त्याची कूस पालटावी, चार शब्द बोलावेत. परळच्या त्या परिचारिकांचे स्मरण याहून निराळ्या रीतीने करण्याची गरज नाही.