शिर नसलेल्या प्राण्याची शिरगणती

श्रोतेहो, शिरगणती माणसांची होते, गुराढोरांची होते, वाघांचीही होते. आज मी तुम्हांला अशा एका प्राण्याच्या शिरगणतीविषयी सांगणार आहे, की ज्याला मुळी शिरच नाही! त्याचे नाव समुद्रकाकडी. नाव ऐकून तुम्हांला भाजीमंडई आठवेल. पण हा प्राणी आहे तारामाशाच्या गोत्रातला. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात तो तळाशी पडून असतो. वाळू गिळायची, तिच्यातला सेंद्रिय गाळ पचवायचा आणि उरलेली वाळू मागे टाकायची, हा त्याचा उद्योग. शेतात गांडूळ जे काम करते, तेच हा समुद्रतळावर करतो म्हणा ना!

आपल्या देशात मनारचे आखात आणि पाल्कचा उपसागर ही त्याची नामांकित ठिकाणे. तिथले तमिळ कोळी त्याला ‘कडल अट्टै’, म्हणजे समुद्रातली जळू, म्हणतात. पाणबुडे तो हाताने वेचून आणीत. मग आतडी काढून, उकळून, वाळवून तो चिनी लोकांच्या मेजवानीसाठी परदेशी रवाना होई. हा व्यापार शेकडो वर्षांचा.

आता प्रश्न असा, की समुद्रात हे प्राणी किती उरले हे कळावे कसे? तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर किती आले ते मोजा. इथेच फसगत होते. कणगीतून रोज शेरभर धान्य निघते, एवढ्यावरून कणगीत किती उरले आहे हे सांगता येईल का? जवळची वाळू रिकामी झाली की पाणबुडे दूर जातात. एक जात संपली की दुसरी वेचू लागतात. किनाऱ्यावरचा ढीग मात्र तेवढाच दिसतो. १९८२ साली सरकारने तीन इंचांहून लहान सुक्या समुद्रकाकडीच्या निर्यातीला बंदी केली. हेतू चांगला, पण तेही माप किनाऱ्यावरच्या मालाचे, तळावरच्या जिवांचे नव्हे.

म्हणून गणती पाण्यातच करावी लागते. तळावर दोरी टाकून ठराविक लांबीरुंदीचा पट्टा आखतात आणि त्यातला प्रत्येक प्राणी मोजतात. असे अनेक पट्टे मोजले, की हेक्टरी संख्येचा अंदाज येतो. ऐकायला सोपे वाटते, नाही? पण सर्वांत जास्त भाव मिळवणाऱ्या जातींपैकी एक दिवसाचा काही वेळ स्वतःला वाळूत पुरून घेते. हात लावताच अंग आकसते, म्हणून लांबीचा भरवसा नाही. अंगात पाणी भरलेले, म्हणून वजनाचाही नाही. खूण बांधावी, तर ती गळून पडते! तेव्हा तेच ठिकाण, तीच वेळ, तीच पद्धत, आणि तीही वर्षानुवर्षे, याला दुसरा उपाय नाही.

एवढा खटाटोप कशाला? कारण या प्राण्यांचे नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडून देतात. ते एकमेकांजवळ असले तरच बीजांचा संयोग होतो. शेतकऱ्याने मूठभर बियाणे राखले, तर पुढच्या हंगामाची आशा असते. इथे दूरदूर विखुरलेले थोडके प्राणी जिवंत असूनही वंश वाढत नाही. ढीग घटलेला दिसेपर्यंत कदाचित वेळ निघून गेलेली असते.

२००१ साली आपल्याकडे सर्वच जातींच्या समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण मिळाले. वेचणाऱ्यांचा रोजगार गेला, चोरटा व्यापार मात्र चालू राहिला. बंदी उठवा, अशी कोळ्यांची मागणी आहे. ती राहू द्या, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. आणि उघड व्यापार थांबल्यामुळे किनाऱ्यावरचे आकडेही गेले! मग या वादाचा निकाल कशावर लावायचा?

याच पेचातून गेलेल्या इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांकडे पाहा. तिथे १९९९ साली ही मासेमारी कायदेशीर झाली. पुढे असा दंडक ठरला, की शंभर चौरस मीटरांत निदान ११ प्राणी आढळले तरच हंगाम उघडावा. ही मोजणी शास्त्रज्ञांबरोबर कोळीही करीत. मोजणीत संख्या भरली नाही, म्हणून काही वर्षे हंगाम उघडलाच नाही. कोळ्यांना ते रुचले असेल असे नाही. पण तो आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत मोजलेला होता.

श्रोतेहो, बंदी ठेवायची की उठवायची, हे सरकारने ठरवावे. माझे म्हणणे इतकेच, की आधी तळ मोजावा आणि मोजताना कोळ्याला बरोबर घ्यावे. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याने स्वतः मोजलेला आकडा त्याला पटवून द्यावा लागत नाही.