सोरायसिस शिवल्यानं होत नाही

आज बोलू या सोरायसिसविषयी.

यात कोपरावर, गुडघ्यावर, कमरेवर किंवा डोक्यात जाडसर चट्टे उठतात. लालसर असतात, सावळ्या अंगावर जांभळट दिसतात. त्यावर पांढरे पापुद्रे धरतात आणि झडतात. खाज सुटते, कधी चिरा पडून रक्त येतं.

हे का होतं? आपली कातडी आतून सतत नवी तयार होत असते. नवी कातडी वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती बिघडते आणि हेच काम तीन-चार दिवसांत उरकतं. मग थरावर थर साचतात. म्हणजे बिघाड आतला आहे. त्यात अस्वच्छता नाही, कुणाचं पाप तर नाहीच.

म्हणूनच तो शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं होत नाही. गजकर्ण पसरतं, सोरायसिस पसरत नाही. दोन्हींतला फरक डॉक्टरांकडून तपासून घ्या.

एका गटात पापड लाटायला आलेल्या ताईंना बाकीच्या म्हणाल्या, "तुम्ही पिठाला हात लावू नका." ताईंची त्या दिवसाची मजुरी बुडाली. पुढे त्या बैठकीलाही येईनात. सांगा बरं, त्यांना जास्त कशानं दुखलं, चट्ट्यांनी की आपल्या बोलण्यानं?

आता औषधाचं. बीपी, साखर जशी ताब्यात ठेवतो, तसाच सोरायसिस ताब्यात ठेवायचा असतो. तो मधेच कमी होतो, थंडीत किंवा ताणात पुन्हा वाढतो. "महिन्यात कायमचा बरा करतो" म्हणणाऱ्याच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि ते एकदम बंद केलं की चट्टे अंगभर उसळू शकतात. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टर कधी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून ठरलेल्या एकाच वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार कागदावर लिहून भिंतीला लावा. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सकाळी बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर तेही सांगा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि उशीर झाला तर सांधे वाकडे होतात.

घरी एवढं करा. चट्टे वजरीनं घासू नका, पापुद्रे ओरबाडू नका. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा.

२९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन असतो. पण तोवर थांबायला नको. तुमच्या गटातली अशी कुणी घरी बसली असेल, तर येत्या बैठकीला तिला बोलावून आणा, शेजारी बसवा आणि पिठाची परात तिच्यापुढे सरकवा.