दरीच्या दोन कांठांवरचें शहर : एडिंबरो

रविवारखेरीज बहुतेक रोज दुपारीं ठीक एक वाजतां एडिंबरोच्या किल्ल्यावरून तोफेचा एक बार होतो. नवखा प्रवासी दचकतो. गांवकरी मनगटावरील घड्याळाकडे नजर टाकून पुढें चालूं लागतो. लीथ बंदरांतील जहाजांना आपलीं घड्याळें जुळवितां यावींत म्हणून १८६१ सालीं सुरू झालेली ही प्रथा, जहाजांना तिची गरज उरली नसतांहि, चालूंच आहे. बार ऐकून प्रिन्सेस स्ट्रीटवरील माणसानें मान वर केली, म्हणजे स्कॉटलंडच्या या राजधानीचा इतिहासच त्याच्यापुढें उभा राहतो. रस्त्याच्या एका बाजूस दुकानांची सलग रांग आहे. दुसऱ्या बाजूस दुकानें नाहींत. तेथें एक खोल, हिरवी दरी आहे, आणि दरीपलीकडे काळवंडलेल्या दगडी घरांची उंच भिंत आकाशाला टेकलेली दिसते. अलीकडचें तें नवें शहर, पलीकडचें तें जुनें. या दोहोंमधील दरी निसर्गानें पाडली. परंतु त्याहून खोल अशी एक दरी पुढें माणसांनीं पाडली. ती कशी पडली व ती बुजविण्यासाठीं कोण झटलें, ही हकीकत एडिंबरोच्या राजवाड्यांच्या हकीकतींहून कमी मनोवेधक नाहीं.

या शहराची पहिली वास्तू माणसानें उभारलेली नाहीं. सुमारें पस्तीस कोटी वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखी होता. त्याच्या नळींत थिजलेला लाव्हा म्हणजेच किल्ल्याचा खडक. पुढें हिमयुगांत पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या थरांनीं भोवतालचा मऊ दगड खरवडून नेला. कठीण खडक मात्र ताठ उभा राहिला, आणि त्याच्या आडोशानें पूर्वेकडे मऊ दगडाची एक लांब, उतरती सोंड वांचली. सोंडेच्या वरच्या टोंकाला किल्ला, खालच्या टोंकाला होलिरूडचा मठ, आणि मधल्या पाठीवर गांव, अशी या शहराची रचना त्या बर्फानेंच ठरवून टाकली.

होलिरूडचा मठ राजा पहिला डेव्हिड यानें ११२८ सालीं स्थापिला. त्याच राजानें किल्ल्यावर आपल्या मातेच्या, मार्गारेट राणीच्या, स्मरणार्थ एक लहानसें प्रार्थनामंदिर बांधलें. शहरांतील आज उभ्या असलेल्या इमारतींत तें सर्वांत जुनें होय. १३१४ सालीं इंग्रजांच्या ताब्यांतील हा किल्ला थॉमस रँडॉल्फ या सरदारानें तीस माणसांनिशीं रात्रीं कडा चढून परत घेतला. शत्रूला पुन्हा आसरा मिळूं नये म्हणून रॉबर्ट ब्रूस राजानें किल्ल्याची तटबंदी पाडविली. परंतु तें मंदिर मात्र त्यानें राखलें. मराठी माणसाच्या दृष्टीनें या किल्ल्याशीं आणखी एक नातें आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास रेसिडेंट असलेले व पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे वडील याच किल्ल्याचे गव्हर्नर होते, आणि एल्फिन्स्टनसाहेबांच्या बालपणाचा कांहीं काळ येथेंच गेला.

किल्ल्यापासून होलिरूडपर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्याला रॉयल माईल म्हणतात. त्याची लांबी मैलाहून किंचित अधिक आहे. पण स्कॉटलंडचा निम्मा इतिहास या एवढ्याशा अंतरांत घडला. मध्यावर सेंट जाइल्सचें देवालय आहे. त्याचें शिखर राजमुकुटाच्या आकाराचें आहे. याच देवालयांत जॉन नॉक्सनें धर्मसुधारणेचीं जळजळीत प्रवचनें दिलीं. १६३७ सालीं पहिल्या चार्ल्स राजानें स्कॉच लोकांवर नवें प्रार्थनापुस्तक लादलें, तेव्हां दंगल उसळली तीहि येथेंच. जेनी गेडिस नांवाच्या एका बाजारकरणीनें आपलें बसावयाचें तिवईवजा स्टूल धर्माधिकाऱ्याच्या डोक्यावर भिरकावलें, अशी आख्यायिका आहे. देवालयामागें जुनें पार्लमेंटगृह आहे. १७०७ सालीं इंग्लंडशीं संयोग झाल्यावर येथील पार्लमेंट बंद पडलें, आणि सभागृह वकिलांच्या येरझारांना मोकळें झालें. तब्बल २९२ वर्षांनीं, म्हणजे १९९९ सालीं, स्कॉटलंडला पुन्हा स्वतःचें पार्लमेंट मिळालें. त्याची नवी इमारत २००४ सालीं रस्त्याच्या दुसऱ्या टोंकाला, होलिरूडच्या राजवाड्यासमोर, उघडली गेली. याच राजवाड्यांत १५६६ सालीं मेरी राणीच्या डोळ्यांदेखत तिचा चिटणीस रिझिओ याला ओढून नेऊन ठार करण्यांत आलें होतें.

राजेरजवाड्यांच्या या गोष्टी प्रवाशाला वाटाड्ये हौसेनें सांगतात. परंतु रॉयल माईलच्या दोन्ही अंगांना, माशाच्या कण्यापासून निघालेल्या कांट्यांप्रमाणें, ज्या अरुंद बोळकंड्या खालीं उतरत जातात, त्यांत या शहराची खरी वस्ती होती. या बोळांना तेथें क्लोज म्हणतात. १५१३ सालीं फ्लॉडनच्या रणांगणावर चौथा जेम्स राजा पडला, तेव्हां इंग्रज चाल करून येतील या धास्तीनें शहरासभोंवतीं नवा कोट बांधावयास घेतला. इंग्रज आले नाहींत. पण कोट राहिला, आणि पुढें दोन शतकांहून अधिक काळ शहर त्याच्याआंतच कोंडलें गेलें. उत्तरेस नॉर लॉक नांवाचें तळें पसरलेलें. रुंदीला जागा नाहीं, म्हणून घरें उंचीला वाढलीं. उतारावरील कांहीं घरें मागील बाजूनें दहा मजल्यांहूनहि उंच गेलीं.

या घरांना एकच सामाईक जिना असे, आणि त्या जिन्यावर सारा समाज नांदत असे. तळाशीं दुकानदार व कारागीर, मधल्या प्रशस्त मजल्यांवर सरदार, न्यायाधीश व प्राध्यापक, आणि अगदीं वर, पायऱ्या चढण्याचें बळ ज्याच्या पायांत आहे असा गरीब. रात्रीं घाण पाणी खिडकीतून खालीं फेकलें जाई, व ‘गार्डीलू’ अशी आरोळी ऐकतांच वाटसरूनें पळ काढावयाचा असा शिरस्ता होता. धुरामुळें शहराला ‘ऑल्ड रीकी’, म्हणजे जुनें धुराडें, असें टोपणनांव पडलें. हें जीवन सुखाचें होतें असें म्हणतां येणार नाहीं. तथापि न्यायाधीशाला आपला शेजारी चांभार नांवानें ठाऊक होता. दुर्गंधि दोघांच्याहि नाकाला सारखीच झोंबत असे, आणि जिना खचला तर दोघांनाहि त्याची सारखीच काळजी होती.

अठराव्या शतकाच्या मध्यास ही स्थिति पालटूं लागली. १७५९ सालीं नॉर लॉक आटविण्यास आरंभ झाला. दरीवर नॉर्थ ब्रिज हा पूल बांधावयास घेतला. तो १७६९ सालीं अंशतः ढांसळून पांच माणसें दगावलीं, पण १७७२ मध्यें पुरा झाला. दरम्यान, १७६६ सालीं पलीकडच्या मोकळ्या टेकाडावर नवें नगर वसविण्यासाठीं आराखड्यांची स्पर्धा लावली गेली, तींत जेम्स क्रेग या तरुण शिल्पज्ञाचा आराखडा निवडला गेला. समांतर असे तीन सरळ, रुंद रस्ते आणि दोन टोंकांना दोन चौक, एवढाच तो आराखडा. पण जुन्या बोळांच्या गुंत्यापुढें तो सूर्यप्रकाशासारखा स्वच्छ वाटला. पायांसाठीं खणलेली माती गाड्या भरभरून दरींत ओतण्यांत आली, व तिचाच ‘माउंड’ नांवाचा बांध होऊन दरी ओलांडण्याची दुसरी वाट तयार झाली. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दरीकडील बाजूसहि घरें उठूं लागतांच नवे रहिवासी कोर्टांत गेले. त्यांत डेव्हिड ह्यूम हा तत्त्वज्ञहि होता. त्या भांडणाचा निकाल लागला म्हणून आज ती बाजू मोकळी दिसते.

ह्यूमचें उदाहरण बोलकें आहे. तो पूर्वीं जुन्या शहरांतील जेम्स कोर्ट या चौकांत राहत असे. १७७१ सालीं तो दरी ओलांडून नव्या शहरांत राहावयास गेला. त्याच्याप्रमाणें शेंकडों प्रतिष्ठित कुटुंबें गेलीं. त्यांत दोष कोणाचा? स्वच्छ हवा व प्रशस्त खोली कोणाला नको असते? परंतु त्यांच्या जाण्याचा परिणाम त्यांच्यापैकीं कोणीहि योजिला नव्हता. मागें राहिलेल्या प्रशस्त दिवाणखान्यांत पडद्या घालून एकेका खोलींत एकेक कुटुंब राहूं लागलें. डोंगराळ मुलखांतून व आयर्लंडमधून पोटासाठीं आलेले लोक त्यांत येऊन भरले. भाडें येत होतें, पण घरमालक जिना चढत नव्हता. नव्या शहराच्या खिडक्यांतून जुनें शहर चित्रासारखें रम्य दिसे, आणि मधल्या दरींत फुललेल्या बागांपैकीं पश्चिमेकडील बाग, किल्ली बाळगणाऱ्या शेजाऱ्यांपुरतीच, १८७६ पर्यंत बंद होती.

ज्या सालीं किल्ल्यावरील तोफ वेळ सांगूं लागली, त्याच १८६१ सालच्या नोव्हेंबरच्या २४ तारखेस, रविवारीं पहाटेच्या अंधारांत, रॉयल माईलवरील सुमारें अडीचशें वर्षांचें एक उंच घर आंतल्या आंत खचून कोसळलें. झोंपेंत ३५ माणसें ठार झालीं. ढिगारा उपसणारे निराश होऊन थांबण्याच्या बेतांत असतां खालून एका मुलाचा आवाज आला : आपण अजून मेलेलों नाहीं, नेट लावा. त्या मुलाला जिवंत बाहेर काढण्यांत आलें. पुढें त्या जागीं नवें घर उठलें, तेव्हां त्याच्या बोळाच्या तोंडावर मुलाचा मुखवटा व त्याचे ते शब्द कोरण्यांत आले. एडिंबरोंत राजांचे व सेनापतींचे पुतळे पुष्कळ आहेत. परंतु त्या कमानीखालीं थांबलेला प्रवासी जितका मूक होतो, तितका तो इतरत्र होत नाहीं.

या अपघातानें नगरपालिकेचे डोळे उघडले. १८६२ सालीं डॉ. हेन्री लिटलजॉन यांना शहराचे पहिले आरोग्याधिकारी नेमण्यांत आलें. १८६५ च्या त्यांच्या अहवालानें बोळांतील दाटी, घाण व मृत्यु यांचा संबंध आंकड्यांनिशीं मांडला. नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनीं १८६७ सालीं सुधारणेचा कायदा करून घेतला. जुनीं घरें पाडून रुंद रस्ते काढण्यांत आले. हवा व उजेड आला हें खरें. परंतु पाडलेल्या घरांतील माणसें कोठें जाणार? तीं शेजारच्या बोळांत आणखी दाटीनें शिरलीं.

येथें पॅट्रिक गेडिस यांचा प्रवेश होतो. गेडिस हे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. झाड व त्याचें भोवताल हीं वेगळीं काढून पाहतां येत नाहींत, हा त्यांच्या शास्त्राचा धडा. तोच त्यांनीं शहराला लावला. १८८६ सालीं ॲना मॉर्टन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. विद्वानांच्या रीतीप्रमाणें नव्या शहरांत बिऱ्हाड न थाटतां हें जोडपें जुन्या शहरांत राहावयास आलें, आणि तेंहि ह्यूमनें सोडलेल्या त्याच जेम्स कोर्टांत. ह्यूम गेल्यास ११५ वर्षें झालीं होतीं. पतिपत्नींनीं शेजाऱ्यांना बरोबर घेऊन झाडलोट केली, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडें लाविलीं, पडीक परसांत बागा केल्या. विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं तेथेंच वसतिगृहें काढलीं, म्हणजे शिकलेलीं माणसें पुन्हा त्या जिन्यांवर वावरूं लागतील. सबंध आळी पाडण्याऐवजीं नेमकें एखादेंच घर काढावें, प्रकाशाला वाट द्यावी, बाकीचें दुरुस्त करावें व माणसें जागच्या जागीं ठेवावींत, ही त्यांची पद्धति. १८९२ सालीं त्यांनीं किल्ल्याजवळील एक मनोरा घेऊन त्याचें ‘आउटलुक टॉवर’ केलें. पाहुण्याला प्रथम गच्चीवर नेऊन सबंध शहर दाखवावयाचें, मग एकेक मजला उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप व अखेर सारें जग समजावून द्यावयाचें, असा तेथील क्रम होता.

हीच दृष्टि घेऊन गेडिस हिंदुस्थानांत आले. १९१४ सालीं त्यांच्या नगररचना-प्रदर्शनाचें सामान घेऊन येणारें जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. तरी मित्रांनीं धाडलेल्या नव्या साहित्यावर त्यांनीं प्रदर्शन भरविलेंच. १९१५ सालीं त्यांनीं मुंबई इलाख्यांतील गांवांविषयीं अहवाल लिहिले. होळकरांच्या इंदुरांत प्लेगचें भय होतें, तेव्हां त्यांनीं दिवाळीची मिरवणूक योजिली. ज्या रस्त्यावरील घरें अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या रस्त्यानें मिरवणूक जाणार, असें जाहीर होतांच सारें गांव कामाला लागलें. मिरवणुकींत झाडूवाल्यांना हार घालून मान देण्यांत आला, व प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा शेवटीं जाळण्यांत आली. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस होते. त्यांच्यामागून १९२४ सालीं ती धुरा त्यांचेच शिष्य, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं उचलली. जेम्स कोर्टांतील जिन्यावर सुरू झालेला विचार याप्रमाणें मराठी मुलखांत रुजला.

१९९५ सालीं युनेस्कोनें एडिंबरोच्या जुन्या व नव्या या दोन्ही शहरांची एकत्रच जागतिक वारसा म्हणून नोंद केली. जुन्या शहराचे बोळ आतां स्वच्छ आहेत, घरांना मोठी किंमत आली आहे. आणि नेमक्या याच कारणानें एक नवी अडचण उभी राहिली आहे. चार दिवसांच्या पाहुण्यांना घर भाड्यानें देणें इतकें फायद्याचें झालें कीं, कायमच्या रहिवाशाला तेथें राहणें कठीण होऊं लागलें. म्हणून २०२२ सालीं सबंध शहरभर अशा भाडेपद्धतीवर नियंत्रण घालण्यांत आलें. एके काळीं श्रीमंत निघून गेल्यामुळें जिने ओस झाले; आतां पाहुण्यांच्या गर्दीमुळें ते शेजाराला पारखे होण्याची भीति आहे.

दगड टिकतो, तो पस्तीस कोटी वर्षें टिकतो. परंतु जिन्याची काळजी त्यावरून रोज चढणाराच घेतो. एक वाजतांच्या बाराबरोबर दरीपलीकडील ती उंच भिंत न्याहाळणाऱ्यानें किल्ल्याचे बुरूज तर अवश्य पाहावेत. पण संध्याकाळीं त्या भिंतींतील किती खिडक्यांत घरच्या माणसांचा दिवा लागतो, हेंहि एकदां पाहून यावें.